केरळात मान्सून 22 एप्रिलला? हवामान मॉडेलच्या डेटात तारखा सरकल्या की काय तपासायचं

एका बाजूला हवामान मॉडेलचा डेटा, दुसऱ्या बाजूला स्थानकाची निरीक्षणं आणि मध्ये दोघांना एका आलेखावर बसवणारा पायथनचा कोड. या तिघांचं जे भांडण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा येतं, ते तारखांचं. मागच्या पावसाळ्यात एक विद्यार्थिनी लॅपटॉप उघडून म्हणाली, "दादा, माझ्या मॉडेलमध्ये 2015 चा मान्सून 22 एप्रिललाच केरळात पोचतो. पॅरामीटर बदलू का?" पॅरामीटर ठीकच होते. फाइलमधली एक ओळ हरवली होती. असं इतक्या वेळा घडलंय की आता एकदा लिहूनच ठेवतो.

लक्षणं

खालच्यापैकी काही दिसतंय का बघा.

– मॉडेलच्या आणि स्थानकाच्या पावसाची शिखरं आकाराने जुळतात, पण सगळी एक दिवस मागे-पुढे आहेत.

– मासिक आलेखात जूनचा पाऊस जुलैत आणि सप्टेंबरचा ऑक्टोबरात दिसतो.

– जुनी वर्षं बरोबर आहेत, पण जसजसे पुढे यावं तसतशी तारीख जास्त सरकते. 1850 ला फरक नाही, 2015 ला थेट 40 दिवस.

– वर्षच भलतं येतं. जून 2015 शोधायला गेलात तर तो जानेवारी 2013 म्हणून बसलेला.

– फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठाम दोन दिवसांचा.

– 13 तारखेपासून पुढचे दिवस ठीक, पण 1 ते 12 तारखांचा पाऊस वर्षभर उधळलेला. जानेवारीत मुसळधार, जूनच्या सुरुवातीला कोरडं.

– तासागणिक डेटात 01:00 च्या जागी 01:01:52 आणि 02:00 च्या जागी 01:58:07.

– कोड सरळ एरर देऊन थांबतो: तारीख मर्यादेबाहेर. हे लक्षण मला आवडतं. ओरडणारी चूक परवडते. बाकीच्या सगळ्या मुकाट चुकीचा आलेख काढून देतात.

कोड उसवण्याआधी एकच करा: फरक नेमका किती ते मोजा, आणि तो कायम आहे की वाढता ते बघा. त्यासाठी दोन ठिकाणी मोजावं लागतं, मालिकेच्या सुरुवातीला आणि शेवटी. वैद्य नाडी बघतो तसं आहे हे. फरकाच्या आकड्यातच बहुधा रोगाचं नाव असतं. साडेपाच तास, एक दिवस, दोन दिवस, एक महिना, 40 दिवस यांतला प्रत्येक आकडा वेगळ्या चुकीकडे बोट दाखवतो.

1. फाइलचं हेडर, म्हणजे सुरुवातीचं वर्णन, वाचा (दोन मिनिटं, खर्च शून्य)

नेटसीडीएफ हा हवामानाचा डेटा ठेवण्याचा नेहमीचा फाइल-प्रकार. त्या फाइलमध्ये तारीख नसतेच. असतो एक आकडा. शेजारी लिहिलेलं असतं की हा आकडा अमुक तारखेपासूनचे दिवस किंवा तास आहे, आणि मोजणी अमुक कॅलेंडरने केली आहे. आकडा, आरंभ-तारीख आणि कॅलेंडर हे तिन्ही मिळाले तरच तारीख तयार होते. यातलं कॅलेंडर पुसलं गेलं तर वाचणारं सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, आपलं नेहमीचं कॅलेंडर गृहीत धरून पुढे जातं. कोणीतरी मधल्या टप्प्यावर फाइल कापली किंवा दुसऱ्या साधनातून फिरवली की ही ओळ गळते. त्या विद्यार्थिनीचं हेच झालं होतं.

एनसीडंप (नेटसीडीएफ फाइल वाचून छापणारं साधन) हेडरच्या पर्यायाने चालवा आणि टाइम या चलाखालचं सगळं वाचा: एकक, कॅलेंडर, आणि बाउंड्स (प्रत्येक नोंदीच्या काळाची दोन टोकं) असतील तर त्यांचं नाव. मग पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन नोंदी तारखेच्या रूपात छापून बघा.

मॉडेलवाले वेगळी कॅलेंडरं का वापरतात असं लोक दर वेळी विचारतात. सोय, दुसरं काही नाही. सीईएसएम2 सारख्या मॉडेलांत लीप वर्ष नसतं, प्रत्येक वर्ष 365 दिवसांचं. ब्रिटिश यूकेईएसएम1 मध्ये वर्ष 360 दिवसांचं आणि महिना 30 दिवसांचा, म्हणजे तिथे 30 फेब्रुवारी ही खरीखुरी तारीख आहे. आपल्याला हसू येतं, पण आपल्याकडच्या ज्योतिषगणितातही 360 दिवसांचं सावन वर्ष होतंच.

आता गणित बघा. 1850 ते 2014 या 165 वर्षांत 40 लीप दिवस येतात (1900 हे लीप वर्ष नव्हतं). मॉडेलने ते मोजलेच नाहीत आणि तुमच्या कोडने मोजले, तर मॉडेलची 1 जून 2015 तुमच्याकडे 40 दिवस आधी, म्हणजे 22 एप्रिलला उगवते. 360 दिवसांच्या कॅलेंडरची तीच तारीख नेहमीच्या कॅलेंडरने वाचली तर 16 जानेवारी 2013 होते. लक्षणांच्या यादीतले ते दोन आकडे इथून आले.

कॅलेंडरची ओळ हरवलीच असेल तर नोंदी मोजा. सीडीओ या साधनसंचाच्या एनटाइम आदेशाने एका क्षणात कळतं. सीएमआयपी6 या जगभरच्या हवामान मॉडेलांच्या तुलना-प्रकल्पाचा 1850 ते 2014 हा ऐतिहासिक कालखंड दैनिक स्वरूपात असेल, तर 60,265 नोंदी म्हणजे नेहमीचं कॅलेंडर, 60,225 म्हणजे बिनलीप, आणि 59,400 म्हणजे 360 दिवसांचं. यापेक्षा स्वस्त निदान मला माहीत नाही.

ठाम दोन दिवसांचा फरक असेल तर आरंभ-तारीख इसवी सन 1 च्या 1 जानेवारीची आहे का ते बघा. सीएफ संकेतांतलं (नेटसीडीएफ फाइलीत काय कसं लिहायचं याच्या नियमांतलं) 'स्टँडर्ड' कॅलेंडर 1582 च्या ऑक्टोबरपर्यंत ज्युलियन आणि नंतर ग्रेगोरियन चालतं. 'प्रोलेप्टिक' मात्र ग्रेगोरियनचे नियम मागेही लावत जातं. दोघांची इसवी सन 1 ची 1 जानेवारी दोन दिवसांनी वेगळी पडते. तिथून मोजलेला आकडा चुकीच्या नावाने वाचला की आजची तारीखही तेवढीच चुकते.

2. सीएसव्ही आणि एक्सेलमधून आलेल्या तारखा

निरीक्षणं बहुतेक वेळा सीएसव्हीत येतात. आपण 01/06 ला 1 जून म्हणतो, अमेरिकन पद्धतीने वाचणारं साधन 6 जानेवारी म्हणतं. 13/06 मात्र त्यालाही उलटं वाचता येत नाही, म्हणून ते गुपचूप आपल्या पद्धतीने वाचतं. पहिले बारा दिवस उधळले आणि बाकीचे जागेवर राहिले, याचं कारण हे. पायथनच्या पांडाज लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत हे सर्रास व्हायचं. वाचतानाच तारखेचा साचा स्वतः लिहून द्या, सॉफ्टवेअरच्या तर्कावर सोडू नका.

सगळं चार वर्षं आणि एक दिवसाने, म्हणजे 1,462 दिवसांनी सरकलं असेल तर ती फाइल एक्सेलच्या 1904 वाल्या पद्धतीत साठवलेली आहे. एक्सेलच्या सेटिंगमधली खूण काढून हे सुटत नाही, उलट त्यानेच तारखा सरकतात. वाचलेल्या तारखांत 1,462 दिवस मिळवा.

3. दिवस कुठे संपतो?

एका दिवसाचा फरक असेल तर इथेच थांबून नीट वाचा. भारतातल्या पावसाचा डेटा हाताळणाऱ्या प्रत्येकाने इथे एकदा तरी ठेच खाल्लेली असते.

26 जुलै 2005 मुंबईकराला सांगायला नको. दुपारपासून रात्रीपर्यंत आभाळ फाटलं होतं. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, आणि पाऊस ज्या तारखेला तो दिवस संपला तिच्या खात्यावर चढतो. म्हणजे हे 944 मिलिमीटर 27 जुलैच्या सकाळी 08:30 ला संपलेल्या 24 तासांचे, आणि दैनिक मालिकेत ते 27 तारखेला सापडतात. मॉडेलचा दिवस बहुधा यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्री बदलतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. मॉडेलच्या हिशेबात तोच पाऊस 26 तारखेचा. दोघंही खरं बोलतायत, तरी सहसंबंध काढलात तर मॉडेल नापास.

दुरुस्ती सोपी आहे, कारण नशीब चांगलं आहे: साडेआठ भारतीय वेळ म्हणजे यूटीसीच्या बरोबर 03:00. तासाचा डेटा हातात असेल तर दिवस अचूक कापता येतो. ईआरए5 या पुनर्विश्लेषणात (जुनी निरीक्षणं मॉडेलात मिसळून तयार केलेल्या डेटात) तासाच्या पावसावर तो तास संपल्याची वेळ लिहिलेली असते. म्हणून हवामान खात्याच्या 27 तारखेशी जुळणारी बेरीज म्हणजे 26 तारखेच्या 04 यूटीसीपासून 27 तारखेच्या 03 यूटीसीपर्यंतचे 24 आकडे. 03 पासून सुरुवात केलीत तर एक तास जास्त मागे जाल. (भारतीय मध्यरात्रीपासून दिवस हवा असेल तर मात्र पंचाईत. ती यूटीसीच्या 18:30 ला येते आणि तासाचा डेटा अर्ध्यावर कापता येत नाही.)

ईआरए5-लँड या त्याच्या फक्त जमिनीसाठीच्या आवृत्तीचा हिशेब वेगळा. तिथे पाऊस 00 यूटीसीपासून साचत जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या 00 च्या नोंदीत आदल्या पूर्ण दिवसाची बेरीज असते. ते 24 आकडे पुन्हा एकमेकांत मिळवलेत तर कोरड्या तालुक्यातही महापूर येतो. डब्ल्यूआरएफ या हवामान-अंदाजाच्या मॉडेलचा पाऊस तर रन (मॉडेलची एक फेरी) सुरू झाल्यापासून साचत असतो. लागोपाठच्या दोन नोंदींची वजाबाकी करावी लागते.

हा दोष मी पहिल्यांदा दुरुस्त केला तेव्हा हुशारी केली होती: स्थानकाची अख्खी फाइल एक दिवस मागे सरकवली. पावसाचं जमलं, पण त्याच फाइलमधलं कमाल तापमान, जे ज्या त्या दुपारचंच होतं, ते बिघडलं. महिनाभर कळलं नाही. तेव्हा प्रत्येक चलाचा दिवस कुठून कुठपर्यंत आहे ते वेगवेगळं तपासा.

आणखी एक बारीक गोष्ट. कोडमध्ये वेळक्षेत्र म्हणून 'एशिया/कोलकाता' लिहिण्याची सवय असते. चालू डेटाला ठीक आहे. पण 1901 सालच्या तारखेला तेच लावलंत तर फरक साडेपाच तासांचा नाही, 5 तास 21 मिनिटं 10 सेकंदांचा निघतो, कारण तेव्हाची मद्रास वेळ त्या यादीत नोंदलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात घड्याळं तासभर पुढे केली होती, तेही त्यात आहे. जुन्या मालिकांना सरळ ठाम +5:30 लावा.

4. शिक्का काळाच्या कुठल्या टोकावर मारलाय?

महिन्याभराचा फरक असेल तर. मासिक सरासरी ही एका क्षणाची गोष्ट नसते, ती 1 जूनच्या 00:00 ते 1 जुलैच्या 00:00 या पट्ट्याची असते. फाइलमध्ये मात्र एकच वेळ लिहायची जागा. कोणी पट्ट्याची सुरुवात लिहितो, कोणी मध्य, कोणी शेवट. सीईएसएमच्या मूळ मासिक फाइलींत शेवट लिहिलेला असतो, म्हणजे जूनच्या सरासरीवर 1 जुलै 00:00 असा शिक्का, आणि तुमचा कोड भाबडेपणाने 'महिना: 7' म्हणतो.

उपाय: शिक्क्याकडे बघू नका, बाउंड्स वाचा. त्यांत पट्ट्याची दोन्ही टोकं असतात. दोन्हींचा मध्य काढा आणि तीच वेळ वापरा. बाउंड्स नसतील तर पहिल्या नोंदीची तारीख आणि रन सुरू झाल्याची तारीख शेजारी ठेवा, बहुधा कळतं.

इथेच आणखी एक चूक दबा धरून असते. सेकंदाला पडणाऱ्या पावसाचे मासिक मिलिमीटर करताना लोक 86,400 गुणिले 30 करून मोकळे होतात. 28 दिवसांच्या फेब्रुवारीत यामुळे पाऊस 7 टक्क्यांनी फुगतो. महिन्याचे दिवस त्या मॉडेलच्या कॅलेंडरमधून घ्या, भिंतीवरच्या नव्हे.

5. नाव बदलणं आणि रूपांतर करणं यांत गल्लत

पहिल्या तपासणीत कॅलेंडर चुकलंय असं कळलं, तर दोन वेगळ्या गोष्टी करता येतात, आणि लोक हमखास चुकीची करतात.

हेडरमधलं कॅलेंडरचं नाव बदलणं म्हणजे फक्त पाटी बदलणं. हरवलेली 'नोलीप' (बिनलीप) ही पाटी परत लावायची असेल तर हेच हवं. पण पाटी आधीच बरोबर असेल आणि तुम्ही 'आपल्याला स्टँडर्ड हवं' म्हणून ती बदललीत, तर 40 दिवसांचा घोटाळा तुम्ही स्वतःच्या हाताने केलात. बाटली तीच, लेबल दुसरं.

खरं रूपांतर म्हणजे पायथनमधल्या एक्सअ‍ॅरेच्या कन्व्हर्ट कॅलेंडरसारखं काही. बिनलीप ते नेहमीचं यात फारसं दुखत नाही, 29 फेब्रुवारी रिकामी राहते एवढंच. 360 दिवसांचं असेल तर विचार करा. तारखेला तारीख जुळवली तर वर्षातल्या सातही 31 तारखा रिकाम्या राहतात आणि 30 फेब्रुवारी फेकली जाते. वर्ष ताणून बसवलं तर ऋतुचक्र टिकतं, पण मधले पाच-सहा दिवस रिकामे पडतात. ते दिवस आजूबाजूच्या पावसाची सरासरी काढून भरू नका. तापमानाला चालेल, पण पाऊस तसा पडत नाही.

माझं मत विचाराल तर शक्यतो रूपांतर करूच नका. मॉडेलची मासिक सरासरी त्याच्याच कॅलेंडरमध्ये काढा, निरीक्षणांची त्यांच्यात काढा, आणि मग तुलना करा. हवामान मॉडेलचा 14 जुलै 1987 हा खऱ्या 14 जुलै 1987 शी जुळायचा नसतोच. दिवसागणिक जुळवणी फक्त पुनर्विश्लेषण आणि अंदाज यांच्यासाठी अर्थपूर्ण आहे.

6. रीस्टार्टचे सांधे

लांब रन तुकड्यातुकड्यांनी चालतो, आणि दर तुकड्यानंतर पुन्हा सुरू (रीस्टार्ट) केला जातो. सांध्यावर एखादा दिवस दोनदा येतो किंवा गळतो. लागोपाठच्या वेळांची वजाबाकी काढा. सगळीकडे एकच आकडा यायला हवा. कुठे शून्य, कुठे दुप्पट आलं तर तिथे सांधा आहे. दुबार नोंदींपैकी कुठली ठेवायची हे त्या रनची लॉग फाइल बघून ठरवा.

7. आकडाच खडबडीत असेल तर (इथून पुढे कोडमध्ये हात घालावा लागतो)

01:01:52 वाल्या विचित्र वेळा. वेळ 32 बिटच्या दशांशात साठवली की तिच्यात 24 बिटांपुरतीच बारकाई मावते. 1850 पासूनचे दिवस आज 60 हजारांच्या पुढे गेलेत. तिथे दोन शेजारच्या आकड्यांत किमान 337.5 सेकंदांचं अंतर पडतं. एक तास त्या जाळीवर बसत नाही, म्हणून 01:00 सरकून 01:01:52 होतं आणि 02:00 मागे येऊन 01:58:07. तीन तास मात्र बरोबर बसतात. म्हणून तीन-तासी डेटा बघणाऱ्याला ही चूक कधी दिसतच नाही. इसवी सन 1 पासून दिवस मोजले तर तेच अंतर दीड तासाचं होतं.

वाचताना जवळच्या तासाला गोल केलं तर भागतं. लिहिणारे तुम्हीच असाल तर वेळ 64 बिटमध्ये किंवा पूर्णांकात लिहा, आणि आरंभ-तारीख जवळची घ्या. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये ग्रहलाघव रचताना हेच केलं होतं. अहर्गण, म्हणजे आरंभापासूनचे दिवस, फुगू नये म्हणून त्यांनी 11-11 वर्षांची, 4,016 दिवसांची चक्रं बाजूला काढली. हाताने गुणाकार करणाऱ्याला मोठा आकडा नको होता. 32 बिटलाही नको असतो.

स्वतःचं मॉडेल लिहीत असाल तर वेळेत दर पावलाला डेल्टा (एका पावलाचा वेळ) मिळवत जाऊ नका. 0.1 हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका मावत नाही, आणि लाखो पावलांत ती कणभर चूक साचत जाते. पावलं पूर्णांकात मोजा, आणि वेळ हवी तेव्हा पावलांना डेल्टाने गुणून आरंभात मिळवा.

मर्यादेबाहेरचा एरर राहिला. पांडाज नॅनोसेकंदात तारीख ठेवतं तेव्हा 1677 च्या सप्टेंबरपासून 2262 च्या एप्रिलपर्यंतच पोचतं. 2300 पर्यंतचं भविष्य किंवा सन 850 पासूनचा भूतकाळ वाचायचा असेल तर पायथनच्या सीएफटाइम लायब्ररीच्या तारखा वापरा.

इथे थांबा

पुढच्या बाबतींत स्वतः दुरुस्ती करू नका.

मॉडेलच्या आतलं घड्याळ, म्हणजे फोर्ट्रानमधला वेळ सांभाळणारा भाग, बदलावा असं वाटलं तर थांबा. त्या घड्याळावर सूर्याची उंची, किरणोत्सर्गाची पावलं, समुद्र आणि वातावरणाची देवाणघेवाण असं सगळं टांगलेलं असतं. एक ओळ बदलून मॉडेल चालेल, उत्तरही देईल, आणि ते उत्तर चुकीचं असेल. मॉडेल सांभाळणाऱ्या चमूला लिहा.

जोडलेल्या मॉडेलमध्ये वातावरण एका कॅलेंडरवर आणि त्याला बाहेरून मिळणारा डेटा दुसऱ्यावर असेल, तरी तसंच. चालू रनचं कॅलेंडर रीस्टार्टच्या मध्येच बदलायचं तर अजिबातच नाही.

दोष डाउनलोड केलेल्या मूळ फाइलमध्येच असेल तर आधी प्रकाशकाच्या चुकांच्या यादीत बघा. सीएमआयपी6 साठी अशी नोंदवही आहे. यादीत नसेल तर त्यांना कळवा. आपल्यापुरतं दुरुस्त करून गप्प बसलात तर पुढचा माणूस तिथेच पडतो.

आणि तुमच्या आकड्यांवर धरणाचे दरवाजे, पीकविम्याची भरपाई असं काही ठरणार असेल, तर फरक अर्ध्या दिवसाचा असला तरी दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे पाठवू नका. पीकविम्यात पाऊस कुठल्या तारखेला धरला यावर पैसे ठरतात.

जाणकाराकडे जाताना पाच गोष्टी न्या: हेडरची पूर्ण छापील प्रत, पहिल्या आणि शेवटच्या तीन वेळा, नोंदींची संख्या, दोन ठिकाणी मोजलेला फरक, आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या. फाइल मात्र मूळची आणा. तुम्ही 'थोडीशी नीट केलेली' आणलीत तर मला आधी तुमची दुरुस्ती उसवावी लागते, आणि त्यात अर्धा दिवस जातो.